पहिल्या रांगेतले खासनीस

वासुदेव खासनीस मिरजेहून बेंगळुरूला आले ते सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून, आणि तिथूनच निवृत्त झाले. पण जालहळ्ळीच्या मराठी मंडळात त्यांना इंजिनिअर म्हणून कोणी ओळखत नसे. बैठकीत गवयाच्या बरोबर समोर, पहिल्या रांगेत बसायचा मान त्यांचा. एखादी जागा सुरेख लागली की गाणारा आधी त्यांच्याकडे बघायचा. ते उगाच दाद देत नसत. पण त्यांच्या तोंडून 'वाहवा' आली की गाणं चार पावलं पुढं जायचं. खासनीस नसले की भिंतीपुढं गायल्यासारखं वाटतं, असं एक गवई म्हणाला होता.

सून शमिका हे सगळं सासूबाईंकडून, प्रमोदिनीबाईंकडून, सहा वर्षं ऐकत आली होती. ती पुण्याची, नोकरी व्हाइटफील्डला. तिच्या वरच्या प्रतिमा मॅडमनी परदेशी सिंफनी ऑर्केस्ट्राचे दोन पास तिच्या हातात ठेवले, तेव्हा त्यामागचं तिला नीट कळलं होतं. टीमचं प्रमुखपद कोणाला द्यायचं ते त्याच महिन्यात ठरणार होतं, आणि मॅडम माणूस ऑफिसबाहेरही पारखून घेत. नवरा तनय ऐन वेळी कामात अडकला. बाबांना ने, गाण्यातलं त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

शमिकानं आदल्या रात्री नेटवर सगळं वाचून ठेवलं होतं. चार भाग असतात, मधे थांबले तरी टाळ्या वाजवायच्या नाहीत. तिनं मेट्रोत सासऱ्यांना हे दोनदा सांगितलं. खासनीसांनी मुकाट मान डोलावली.

सभागृह नवंकोरं होतं. भिंती लाकडी, खुर्च्या उठलं की आपोआप मिटणाऱ्या. वादक सूर जुळवायला लागले तसे खासनीस पुढं सरकले. "अगं, माइक नाही कुठं! ऐंशी माणसं एका सुराला लागतायत बघ." तिनं ओठांवर बोट ठेवलं. दोन रांगा पुढं प्रतिमा मॅडमचा अंबाडा दिसत होता.

पहिला भाग संपला तेव्हा खासनीसांनी दोन्ही तळवे मांडीखाली दाबून धरले होते. शमिकाला हसू आलं, बरंही वाटलं. मग दुसरा, संथ भाग सुरू झाला. सगळी वाद्यं मागं सरली आणि एका बाईनं सनईसारख्या दिसणाऱ्या ओबोवर एकच सूर लांबवत लांबवत असा काही वळवला की खासनीसांचे डोळे मिटले.

"वाहवा!"

आवाज मोठा नव्हता, बैठकीतल्यासारखाच होता. पण त्या शांततेत तो सभागृहभर गेला. माना वळल्या. कोणीतरी खुसुखुसू हसलं. मॅडमचा अंबाडाही वळला. टाळ्यांबद्दल शमिकानं सांगितलं होतं. तोंडाबद्दल सांगायचं तिला सुचलंच नव्हतं.

तो भाग संपताच दारावरची मुलगी छोटी बॅटरी घेऊन वाकून आली. आजोबा तुमच्याबरोबर आहेत का, असं तिनं शमिकाला इंग्रजीत विचारलं. मॅडम अजून मागं बघत होत्या.

शमिकानं मान हलवली. नाही.

खासनीसांनी तिच्याकडं पाहिलं. मग त्या मुलीला कन्नडमध्ये म्हणाले, "तप्पायतम्मा. चुकलं माझं. मी एकटाच आलोय."

ते उठून तिच्या मागोमाग गेले, ते परत आले नाहीत. लांब मागं, दाराजवळच्या खुर्चीत बसलेले तिला दिसले. तिच्या शेजारची खुर्ची मिटून उभी होती. पुढचे दोन भाग शमिकाला ऐकूच आले नाहीत.

बाहेर पायऱ्यांवर ती त्यांच्याजवळ पोचते न पोचते तोच मॅडम आल्या. शमिकानं तोंड उघडलं. त्याआधीच खासनीसांनी हात जोडले. "नमस्कार मॅडम. ह्या मुलीनं मला मेट्रोची वाट दाखवायचं कबूल केलंय. फार भली आहे."

मॅडम हसल्या. हेच का ते, म्हणाल्या. शमिकाच्या दंडावर थोपटून, तुझ्यात माणसं सांभाळायची हातोटी आहे हो, असंही म्हणाल्या. हे माझे सासरे, एवढे तीन शब्द होते. ते शमिकाच्या ओठांशी आले आणि मॅडमची गाडी सुटेपर्यंत तिथंच राहिले.

मेट्रोत ती म्हणाली, "बाबा, मघाशी मी..."

"त्या बाईच्या हातातलं वाद्य कोणतं गं?"

"ओबो."

"सरी, बरं," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी प्रमोदिनीबाईंनी ताटं मांडली होती. कसं झालं विचारताच खासनीस म्हणाले, शमिकामुळं एवढं ऐकायला मिळालं, नाहीतर मला कोण नेतंय. वर त्यांनी आमटी मागून घेतली. प्रमोदिनीबाईंनी सुनेकडं कौतुकानं पाहिलं. शमिका पाणी आणायला उठली.

सकाळी ती ओट्याशी दूध तापवत उभी होती. बाहेर खासनीसांचा रेडिओ लागला होता. सकाळचा राग ललत चालला होता. गाणारी बाई एका जागेवर अशी थांबली की शमिकाचाही हात थांबला. तिनं दारातून पाहिलं. खासनीसांचा हात गुडघ्यावरून वर उठला होता, ओठ विलग झाले होते. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. ती दिसली. त्यांनी ओठ मिटले, हात मांडीखाली घातला आणि रेडिओचा आवाज जरा कमी केला.