खुंटाची जागा

दिवाळे गावच्या बाजारात गेली बारा वर्षं मी एकाच कोळणीकडून मासळी घेतो. तिची मासळी इतरांपेक्षा ताजी असते असं नाही. तिच्या नवऱ्यावर माझ्यामुळे एक आळ आला आणि तो मी कधी दूर केला नाही, म्हणून तिच्याकडून घेतो. तिला हे ठाऊक नव्हतं. मी कधी भाव करत नाही, एवढंच तिच्या लक्षात आलं होतं. एकदा शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणाली, "या दादाला मासली कलत नाय, नायतर घरी कोन इचारनारा नाय." दोन्ही खरं होतं. मी हसलो आणि पिशवी पुढे केली.

आता मी सत्त्याहत्तर वर्षांचा आहे. बेलापूरला राहतो. नोकरीची शेवटची वर्षं समुद्रातून किनाऱ्याकडे येणाऱ्या एका गॅसवाहिनीच्या कामात गेली. पाइप समुद्रात नेमका कुठून जातो, हे मोजण्याचं काम माझ्याकडे होतं. जे घडलं ते त्या मोजण्यातच घडलं.

अशी लाइन टाकायची पद्धत पाहिली नसेल त्याला थोडं सांगायला हवं. एक मोठा बार्ज आठ नांगरांवर उभा असतो. त्याच्या डेकवर पाइपाचे बारा-बारा मीटरचे तुकडे एकमेकांना वेल्ड होतात, जोडाचा एक्स-रे निघतो, आणि नांगरांचे दोर ओढत बार्ज तेवढा पुढे सरकतो. मागून पाइप पाण्यात उतरत जातो आणि तळावर निजतो. त्यावर काँक्रीटचं जाड वेष्टण असतं, म्हणून तो तरंगत नाही. नंतर एक यंत्र पाण्याच्या झोताने खालचा गाळ उडवतं आणि पाइप तळाखाली बसतो. वरून काही दिसत नाही. मग तो कुठे आहे हे जगाला कळतं ते फक्त नकाशावरून, आणि तो नकाशा माझ्या सहीने निघायचा.

खाडीच्या मुखाशी आमच्या मार्गाला एक वळण होतं. त्या पाण्यात कोळ्यांचे डोलीचे खुंट होते. डोल म्हणजे मोठं पिशवीसारखं जाळं. समुद्राच्या तळात ठोकलेल्या लाकडी खुंटांना ते बांधतात, आणि भरती-ओहोटीचं पाणी त्यात मासळी आणून टाकतं. खुंटाची जागा घराण्याची असते. बापाची जागा मुलाकडे जाते. पाण्यावर कुंपण नसतं, तरी कोणी दुसऱ्याच्या जागेत खुंट ठोकत नाही. खुंट सरकवणं हा तिथं चोरीपेक्षा मोठा गुन्हा आहे, कारण चोरी निदान दिसते तरी.

काम सुरू होण्याआधी आम्ही गावात बैठक घेतली. लाइनीच्या दोन्ही बाजूंना शंभर मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा असं ठरलं. माझ्या कोळणीच्या थोरल्या चुलत दिराचे खुंट पट्ट्यात येत होते. त्याने ती जागा कायमची सोडली. तिच्या नवऱ्याची जागा पट्ट्याच्या जरा बाहेर होती. त्याला मीच उभं राहून सांगितलं, की काम होईपर्यंत दोन हंगाम खुंट काढून ठेवा, मग होते तिथे पुन्हा ठोका. कोणाचे किती खुंट याची यादी झाली. जागा मात्र कोणी मोजल्या नाहीत. ते माझंच काम होतं आणि मला ते गरजेचं वाटलं नाही.

बार्ज वळणावर आला तेव्हा पावसाळा तोंडावर होता. बार्जवरून पाइपाला ताण ठेवावा लागतो, नाहीतर तो मोडतो. ताण जास्त झाला आणि तळ मऊ असला, तर वळणावरचा पाइप आतल्या बाजूला घसरतो. तिथला तळ लोण्यासारखा होता. पाइप घसरला आणि वळणाचा कोपरा कापून सरळ निजला. सर्वेक्षणाच्या बोटीवरून मी तो मोजला. जिथे जास्तीत जास्त फरक होता तिथे तो ठरलेल्या मार्गापासून सव्वाशे मीटर आत होता. म्हणजे पट्ट्याच्याही बाहेर.

मी आकडे माझ्या नोंदवहीत लिहिले आणि आमच्या प्रकल्पप्रमुखांकडे गेलो. ते शांत माणूस होते. त्यांनी विचारलं, "पाइपाला काही झालंय का?" मी म्हणालो, नाही. "मग कागदाला कशाला काही होऊ देतोस?" फरक कळवला तर सगळ्या परवानग्या नव्याने घ्याव्या लागणार होत्या, पट्टा हलवायचा म्हणजे गावाशी पुन्हा बोलावं लागणार होतं, आणि तो हंगाम गेला असता. त्यांनी मला आज्ञा केली नाही. ते आता हयात नाहीत आणि मी त्यांच्या माथी काही मारत नाही. पाइप प्रत्यक्षात कुठे बसला हे दाखवणाऱ्या नकाशावर मी ठरलेल्या मार्गाचीच गोलाई काढली आणि खाली सही केली. वळणाचा भाग गाळाखाली बसवायचा राहिला होता. पाऊस लागला आणि तो तसाच राहिला.

दोन हंगाम झाल्यावर तिच्या नवऱ्याने नवा खुंट ठोकायला घेतला. खुंट खाली कठीण वस्तूवर आदळला. त्याने स्वतःहून येऊन सांगितलं. पाणबुडे उतरले. पाइपाचं वेष्टण फुटलं होतं. गॅस गळला नाही, पण गळला असता तर त्या होडीवरची माणसं वाचली नसती. हे मला तेव्हाच कळलं होतं.

चौकशी झाली. नकाशाप्रमाणे पाइप पट्ट्याच्या मधोमध होता. खुंट पाइपावर पडला, म्हणजे तो पट्ट्यात ठोकला गेला. म्हणजे या माणसाने आपली जागा सोडून, चुलत भावाने सचोटीने सोडलेल्या पाण्यात हात घातला. इतका सरळ हिशेब होता. पाणबुड्यांच्या बोटीची जागा माझ्या माणसांनी मोजली होती. तीही मी नकाशाशी जुळवून लिहिली. पहिली सही घाईत आणि भीतीने झाली असं मी स्वतःला सांगू शकतो. ही दुसरी सही एका माणसाच्या विरुद्ध होती, आणि तो माझ्यासमोर बसला होता.

त्याला विचारलं, तुझी जागा तुला कशी कळते? तो म्हणाला, डोंगराच्या खांडीत, म्हणजे खाचेत, देवळाचा कळस आला पाहिजे आणि दिव्याचा खांब कातळाच्या शेंडीवर उभा राहिला पाहिजे. दोन्ही एकदम जुळलं की खाली माझा खुंट. एक अधिकारी हसला. तो पुन्हा म्हणाला, "साहेब, डोंगर काय सरकत नाय."

त्याच दुपारी मी कचेरीत सागरी नकाशा उलगडला. खांड आणि कळस यांमधून एक रेघ ओढली, खांब आणि कातळ यांमधून दुसरी. त्या जिथे छेदल्या ती जागा पट्ट्याच्या बाहेर होती. नोंदवहीतले माझे खरे आकडे मी शेजारी मांडले. त्याचा खुंट आणि आमचा पाइप एकाच ठिपक्यावर होते. तो होता तिथेच होता. मी रेघा खोडून टाकल्या. नोंदवही घरी आणली आणि कपाटात ठेवली. ती फाडली का नाही, याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही.

गावच्या मच्छीमार सोसायटीने त्याला खुंट ठोकायची बंदी केली. चुलत भावाने बोलणं टाकलं. एकाच आळीत, चार घरांच्या अंतरावर, दोन्हीकडची लग्नं एकमेकांशिवाय झाली. तो दुसऱ्यांच्या होड्यांवर जाऊ लागला. हे सगळं मला बाजारातून थोडंथोडं कळत गेलं. निवृत्त होऊन काही वर्षं झाल्यावर मी तिच्या पाटीसमोर उभा राहू लागलो. भाव न करता मासळी घेणं ही माझी परतफेड होती, असं मी मनात धरलं होतं. किती स्वस्तात सुटू पाहत होतो ते आता दिसतं.

गेल्या हिवाळ्यात ती बोंबील साफ करताना शेजारणीशी बोलत होती. डोलीच्या जागा सरकारी नकाशात मांडायच्या म्हणून सोसायटी यादी करत होती. प्रत्येक घराची जागा त्यात चढत होती, यांची नव्हती. एकदा नकाशा पक्का झाला की ती जागा नसल्यातच जमा. मुलाने बापासाठी अर्ज केला होता. त्याला कोणीतरी तोंडावर म्हणालं होतं, तुझ्या बापाची जागा कंची, जुनी का नवी? सगळे हसले होते. हे सांगताना तिचा आवाज चढला नाही. कोयता मात्र थांबला.

मी घरी गेलो आणि कपाट उघडलं. दुसऱ्या दिवशी नोंदवही घेऊन बाजारात आलो. तिची पाटी रिकामी होईपर्यंत बाकावर बसून राहिलो, मग सगळं सांगितलं. तिने हात धुतले, पदराला पुसले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बारा वर्सा माझ्याकडची मासली खाता. एक दिवस बोलला नाय?"

मी म्हणालो, नाही बोललो.

"शुक्रवारी मीटिंग हाय," ती म्हणाली. "तिथं बोला. माझ्याकडं काय बोलता."

शुक्रवारी सोसायटीच्या खोलीत पंचवीस-तीस माणसं होती. तो शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसला होता. केस पूर्ण पांढरे झाले होते, पण मी त्याला ओळखलं, आणि त्याने मला. मी उभा राहून वाचलं. वळणावर पाइप किती आत आला, नकाशा कोणी बदलला, पाणबुड्यांची जागा कोणी बदलली. दोनदा माझंच नाव घ्यावं लागलं. मग भिंतीवर नकाशा लावला आणि खोडलेल्या दोन रेघा पुन्हा ओढल्या. अध्यक्षांनी विचारलं, आता टॉवर उभे राहिलेत, ती खांड दिसते तरी का?

"दिसत नाय," मागून तो म्हणाला. "पन हाय."

हशा पिकला. या वेळी तो त्याच्यावर नव्हता. कोणीतरी, तेव्हा हे कुठे होते, असं माझ्याकडे बोट करून विचारलं. बरोबर विचारलं. अध्यक्षांनी यादी पुढे ओढली आणि त्याची जागा त्याच्या नावावर लिहिली. बंदी उठवल्याचा ठरावही लिहिला गेला. तो उठून पुढे आला. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि मी त्याची वाट पाहत होतो.

तो म्हणाला, "लिवला, बरा झाला. पन मी कुठं होतो ता मना ठाव होता. ज्याला ठाव नव्हता त्याच्याकडं चला."

त्याचा चुलत भाऊ चार वर्षांपूर्वी गेला. अंत्ययात्रेत हा सगळ्यांच्या मागे चालला होता आणि घरात गेला नव्हता, हे आमच्याबरोबर निघालेल्या त्याच्या बायकोने वाटेत सांगितलं. आम्ही तिघे त्या दारात पोचलो. तो बाहेर ओट्यावरच थांबला. मी आत गेलो. भिंतीवर फोटो होता, चंदनाचा हार घातलेला, आणि खाली त्याची विधवा तांदूळ निवडत बसली होती. मी तिला सांगितलं. जितकं सोपं करून सांगता येईल तितकं. फोटोकडे बघवत नव्हतं, तरी बघून सांगितलं, कारण मला आणलं होतं ते त्यासाठीच.

ती ताटातले खडे वेचत राहिली. मग विचारलं, "म्हंजे भावजींनी पानी नव्हता घेतला?"

"नाही," मी म्हणालो. "ते होते तिथेच होते."

"आमचे हे शेवटी शेवटी इचारायचे," ती म्हणाली. "तो असा करील का म्हनून. मंग परत रागवायचे." तिने ताट बाजूला सारलं आणि दाराकडे वळून म्हणाली, "भावजी, भायेर काय उभं? आत या."

तो लगेच आला नाही. चपला काढल्या, त्या नीट जोडून ठेवल्या, मग उंबऱ्याच्या आत पाय टाकला. खुर्ची होती, पण तो फोटोखाली जमिनीवर बसला. त्याची बायको त्याच्याशेजारी बसली. कोणी रडलं नाही. ताट पुन्हा पुढे आलं, आणि दोघी बायका खडे वेचू लागल्या. मला कोणी बसा म्हणालं नाही, जा असंही म्हणालं नाही. मी निघालो. माफी मी मागितली नव्हती, कारण ती देण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता त्यांतला एक भिंतीवर होता.

कंपनीला मी सही करून पत्र दिलं, सोबत नोंदवहीच्या पानांच्या प्रती. पोच मिळाली आहे. उत्तर आलेलं नाही. पण कोणाच्या ना कोणाच्या हाती जुनाच नकाशा राहील, म्हणून इथेही लिहून ठेवतो. खाडीच्या मुखाशी वळणावरची लाइन माझ्या नकाशात दाखवली आहे तिथे नाही. ती आतल्या बाजूला सव्वाशे मीटरवर आहे. ज्या खुंटाने तिला धक्का लागला, तो आपल्या जुन्या जागेवरच ठोकला जात होता.