मिस ओझेलाच्या दारातली झाकलेली भांडी

अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या ऑरेंज माउंड वस्तीत वर्निटा बॉइकिनचा धंदा सगळ्यांना ठाऊक होता. जुन्या घराच्या मालकाशी भाव ठरवून करार करायचा, तो करार घरं दुरुस्त करून विकणाऱ्याला चढ्या भावाने द्यायचा आणि मधला फरक आपल्या पर्समध्ये. पूर्वी ती पार्लर चालवायची. आपण गप्प बसलो की समोरची बोलते, हे ती तिथेच शिकली.

मिस ओझेला टिब्जच्या विटांच्या घरावर बऱ्याच जणांचा डोळा होता. म्हातारी सगळ्यांना थंडगार गोड चहा पाजायची आणि रिकाम्या हाती वाटेला लावायची. वर्निटाने भावाचा विषयच काढला नाही. दुसरा पेला मागितला आणि स्वयंपाकघरात नजर फिरवली. ओट्यावर केक, निम्मा फस्त. मिस ओझेलाला तर मधुमेह. खुंटीवर पुरुषाची करडी हॅट. तिच्या नवऱ्याला, टिब्जसाहेबांना, जाऊन किती उन्हाळे लोटले, आणि त्यांचं डोकंही एवढं मोठं नव्हतं.

"हॅट छान आहे," वर्निटा म्हणाली आणि गप्प बसली.

फ्रिज घरघरत राहिला.

"आमच्या चर्चचे कारभारी आहेत ना, डीकन लँड्रम, त्यांची," शेवटी म्हातारी पुटपुटली. "लग्न करतोय आम्ही. त्यांच्याकडे राहायला जायचंय. पण चर्चच्या गाणाऱ्या बायांना आधी कळलं, तर लग्नाआधीच माझा पाळणा हलवतील मेल्या."

"म्हणजे दारात पाटी नको."

"पाटी नको, टेप घेऊन फिरणारे बाप्ये नकोत. चर्चमध्ये कुणकुण लागली की करार फाडला."

"कबूल. सत्तर हजार डॉलर."

"पंच्याहत्तर."

"छप्पर गळतंय, मिस ओझेला."

"माझंही काय काय गळतंय. म्हणून मी स्वस्त झाले का?"

"बाहत्तर. नको असलेलं सामान इथेच टाकून जा. आणि मी हा करार पुढे विकणार, मधले पैसे माझे, हे आत्ताच सांगते."

"ठाऊक आहे गं पोरी. नुसता चहा प्यायला येणाऱ्यातली तू नव्हेस."

सही झाली. अडचण एकच होती, घेणाऱ्याला घर तर दाखवायला हवं. त्या वस्तीत जेवणाचं झाकलेलं भांडं घेऊन कुणी घरात शिरलं, तर त्याला कुणी हटकत नाही. वर्निटाने घेणाऱ्याला, त्याच्या सुताराला आणि प्लंबरला एकेक भांडं झाकून आणायला लावलं. तिघांनी भिंती ठोकल्या, नळ तपासले, घर पसंत करून गेले.

इथे मात्र शहाणी बाई फसली. हटकत कुणी नाही, पण भांडी सगळे मोजतात. जेवण पोचवतात ते आजाऱ्याच्या घरी, आणि एका दुपारी इतकी भांडी आत गेली, म्हणजे आतलं माणूस देवाघरी जाण्याच्या बेतात आहे.

संध्याकाळी अख्खं गायकमंडळ तळलेली कोंबडी, मॅकरोनी आणि रडवेले चेहरे घेऊन हजर. त्यांतल्या सिस्टर अर्लीननं तर दारातच अंत्यविधीच्या गाण्याचा सूर धरला होता. त्यांना बाजूला सारत डीकन लँड्रम धावत आले, उघड्या डोक्याने.

"ओझी, माझ्या साखरे, डॉक्टरला बोलावलं का?"

सूर थांबला.

"साखर?" अर्लीन म्हणाली. "तिला तर साखर वर्ज्य आहे ना?"

मिस ओझेलाने खणातून करार काढला आणि दोन्ही हातांत ताणून धरला. दुपारपासून तिथेच असलेल्या वर्निटाने शांतपणे कोंबडीची तंगडी उचलली.

"खुशाल फाडा. अट तशीच होती. पण आता लपवायचं कुणापासून? या बाया लग्नाची तारीख विचारायलाच टपल्यात. घर न विकता तुम्ही डीकनांकडे जाणार कशा?"

म्हातारीने बायांकडे पाहिलं, मग डीकनांकडे.

"सामान हलवायच्या ट्रकचा खर्च तुझा."

"माझा."

"आणि बाहत्तरचे पंच्याहत्तर."

वर्निटा तंगडी खात राहिली. गाणाऱ्या बायाही जन्मात पहिल्यांदा गप्प होत्या. फ्रिज घरघरला.

"बरं, नुसता ट्रक," म्हणत मिस ओझेलाने कागद खणात ठेवला आणि ताटं मांडायला घेतली.

डीकनांनी कुणाला न विचारता, वळूनही न बघता मागच्या खुंटीवरची आपली हॅट बरोबर काढली. ते मात्र अर्लीननं पाहिलं.