आमच्या बांधीतला चीन

चीनच्या राजाचा ऐतिहासिक सिनेमा सावली गावाजवळच्या आमच्या खेड्यात काऊन बनला, हे कॉलेजात सांगतलं का पोरी मले खोटारडी म्हणतात. पण देवाशप्पथ झालं तसंच!

मी तवा दहावीत होती. मायसंगं आमच्या बांधीच्या, म्हणजे धानाच्या वावराच्या, धुऱ्यावर बसून शिदोरी खाऊन राह्यली होती, तं एक जीप येऊन थांबली. त्यातून काळा चष्मावाला उतरला. सिनेमा कंपनीचा मॅनेजर. हे त्यानं आपल्याच तोंडानं सांगतलं, दोनदा. त्यानं पहिले नाल्यापलीकडचं बांबूचं रान पाह्यलं, मंग आमचं धान.

"मांजी, ये कौन सा चावल है?"

"चिन्नोर," माय म्हणे.

"चीन... चीन और?"

"चिन्नोर, बाबू. चिन्नोर!"

त्याचं तोंड असं उघडलं का आत माशी फिरून आली असती. "चाइना का चावल! इधर ही मिल गया!" जीपवाल्याले बोंबलून सांगतलं त्यानं. अरे बापा! चिन्नोर म्हणजे आमच्या झाडी मुलखातला वासाचा बारीक तांदूळ. एका घरी शिजला का गल्लीले समजते. चीनचा काय संबंध? मी सांगाले गेली तं मले म्हणे, "बेबी, तुम रहने दो." बेबी! दहावीतल्या पोरीले!

झालं, आमच्या बांधीच्या बाजूलेच चीन बनाले लागला. चीनची भिंत कशाची होती माहीत हाये? बांबूच्या तट्ट्याची. वरून शेणमाती, वरून कागद, त्यावर विटा काढलेल्या. कागद चिकटवाले कणकेची खळ वापरली, तं गावातल्या बकऱ्या येऊन भिंत खाऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी भिंतीवर पहारेकरी ठेवला, बकऱ्यायसाठी!

फौज गावातल्याच पोट्ट्यायची. डोळे चिनी दिसाले पाह्यजे म्हणून कानापाशी चिकटपट्टी लावून कातडी वरतं ओढत. घाम आला का पट्टी सुटे. एक डोळा चीनचा, एक सावलीचा. खऱ्या चीनच्या माणसानं पाह्यलं असतं तं जोड्यानं मारलं असतं यायले. घोडे तं नागपूरचे, वरातीतले. लढाईचा ढोल वाजला का लढाच्या जागी नाचाले लागत. अन् सम्राट! जरीचा झगा, खालून लुंगी, पायात मखमली जोडे. त्याची पट्टी एवढी ताणलेली का दुपारी झोपला तरी डोळे उघडेच. लोकं बिचारे तासभर त्याले पाहत उभे राहत, काई बोलन म्हणून.

असं हसून हसून आमी मरून राह्यलो होतो, तं एका संध्याकाळी मॅनेजर घरी आला.

"मांजी, कल तुम्हारे खेत में घोड़े दौड़ेंगे. सम्राट की जीत. सुनहरा खेत, बहुत सुंदर दिखेगा."

मायचं हसू गेलं. "धान पिकलेलं हाये, बाबू. कापणी व्हाची हाये."

"कटना तो है ही. घोड़े काट देंगे!" अन् हसला मेला. आपल्याच विनोदावर.

ते चिन्नोर कशासाठी होतं, ते आता सांगते. वैशाखात माह्या मोठ्या बहिणीचं लग्न होतं. मायच्या सोताच्या लग्नात राशनचा जाडा तांदूळ शिजला होता, अन् सासरच्यायनं तो टोमणा तिले पंधरा वर्स ऐकवला. म्हणून तिनं त्या एकाच बांधीत चिन्नोर लावलं होतं. पोरीच्या मांडवात आपल्या बांधीतलं चिन्नोर शिजन, बस.

"मी नाई देत," माय म्हणे.

"पाटील साहब ने पूरे गांव की परमिशन दी है."

देईनच ना पाटील! त्याले सिनेमात मंत्री केलं होतं. कापसाची दाढी लावून फिरे, संडासलेही काढत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सम्राट तयार व्हाले बसला. मायले त्याची सवय माहीत होती: पट्टी, मिशी, मुकुट, मंग आरशात पाहणं, मंग पुन्हा मिशी. ऊन डोक्यावर आल्याशिवाय तो उठतच नसे. मायनं गल्लीत हाक मारली, "बाया हो, इळे घ्या, या!"

सगळ्या आल्या. मी अन् ताईही उतरलो. कोणी नवरीचं नाव घेऊन चिडवे, कोणी सम्राटाच्या लुंगीवर गाणं जोडे, अन् हात सपासप. एका पोट्ट्या सैनिकानं पाह्यलं अन् तलवार खाली ठेवली. त्याची माय ओरडली, "पाहून काय राह्यला बे, पेंढ्या उचल!" मंग काय, अर्धी चीनची फौज आमच्या पेंढ्या वाहून राह्यली होती.

सम्राट मिशीसकट आला, तवा बांधीत नुसती धसकटं उभी होती. मॅनेजरनं चष्मा काढला. पहिल्यांदा. डोळे बारीकच होते त्याचे, पट्टी न लावताच.

"चाइना किधर गया?"

मायनं कंबर सरळ केली. "कापला बाबू तुमचा चीन. आता पेंढ्यायची गंजी रचून राह्यलो."

तरी त्यायनं ढोल वाजवलाच. घोडे नाचले. सम्राटाले घोड्यावरून खाली उतरून विजयाची चाल चालाची होती. मखमली जोड्यात धसकटं घुसली अन् तो "आई गं" म्हणून असा ओरडला का सगळ्यायले समजलं, हा चीनचा नाई अन् हिंदीवालाही नाई, आपल्यातलाच कोणी होये!

सिनेमा कधी आलाच नाई. पंचायतीच्या टीव्हीवर आमी लय वाट पाह्यली. तट्टे मात्र अजून आमच्या गोठ्याले लागून हायेत.

वैशाखात मांडवात भाताच्या गंजाचं झाकण उघडलं अन् वास थेट नवरदेवाच्या पंगतीत गेला. त्यायचा म्हातारा मामा एक घास खाऊन थांबला. "बाई, हा कोणता तांदूळ म्हणाचा?"

मायनं पदर खोचला, त्याच्या पानावर आणखी एक वाढणं टाकलं अन् सावकाश, एक एक अक्षर तोडून सांगतलं, "चिन्‌-नोर. अन् इथलाच होये, मामा."