गंजीवरचा कापूर

पेन माझ्या हातात होतं, फाईल टेबलावर उघडी होती आणि मुख्याधिकारी साहेब म्हणत होते, "मॅडम, करून टाका सही. चहा गार व्हायलाय."

माझी सही होईना.

मी नगरपालिकेत अग्निशमन विभाग सांभाळते. मानवतच्या अलीकडं आमचं गाव, सगळं कापसावर चालणारं. सतीशशेठची जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. मागच्या मोकळ्या प्लॉटवर सीझनभर उघड्यावर कापूस ठेवायची परवानगी द्या, असा त्यांचा अर्ज होता. त्याला आमच्या विभागाची एनओसी लागते. पण परवानगी येईलच या भरवशावर शेठनी कापसाची घराएवढी गंजी आधीच रचून ठेवलेली. वर आम्हाला पाहणीला बोलावलं तेही काटापूजनाच्या दिवशी. खरेदी सुरू करण्याआधी वजनकाट्याची आणि पहिल्या गंजीची पूजा करायची आमच्याकडं रीत आहे. साहेबांना फेटा बांधला, मला नारळ दिला. झाली पाहणी!

प्लॉटच्या कडेला मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत. शेवटची खोली भागाबाईची. तिची सासू अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली. मी विचारलं, काही झालं तर सासूबाईंना बाहेर कसं काढाल?

"दार एकच हाय मॅडम," ती म्हणाली. "अन् ते गंजीकडंच हाय."

शेठला म्हटलं, ही जागा नको. ते हसले. "उगंच घाबरायलाव तुमी. वडलांपासून कापूस हितंच पडतो. आजवर काही झालं का?"

मग आरती झाली. गंजीला ओवाळताना ताटातली कापराची पेटती वडी कापसावर पडली. शेठनी ती चटकन हातानं थापटली, वर मूठभर कापूस दाबला, आणि गुरुजींनी पुढचा मंत्र सुरू केला. कुणाला काही वाटलं नाही. मी मात्र पुढं झाले. कापसाची आग लगेच भडकत नाही, मुरते. वरून दाबली की विझल्यासारखी दिसते आणि आतल्या आत सरकत राहते. तेवढा भाग उपसून काढा म्हणून मी लय विनवलं. कापूर मागं राखसुद्धा ठेवत नाही, असं शेठचं म्हणणं. अहो, कापूर नाही ठेवत, कापूस ठेवतो ना! पण मुहूर्ताला गंजी उपसणं अशुभ म्हणे. साहेबांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं आणि सगळे शेठच्या ऑफिसात चहाला आले.

मी पेन खाली ठेवलं. आधी हात घालून बघते म्हणाले आणि निघाले. मागं कुणीतरी हसलं.

वडी पडली होती तिथं कोपरापर्यंत हात घातला. ऊब लागली. आणखी आत सरकवला आणि चटका बसून मागं घेतला. बोटांना जळका वास.

रशीदभाईला फोन लावला. तो आमच्या बंबाचा ड्रायव्हर. गाडी लगेच निघाली, पण मुहूर्ताला आलेल्या कापसाच्या ट्रॉल्यांनी अख्खी गल्ली भरलेली.

"मॅडम, रोडवरच अडकलो," तो म्हणाला. "म्होरं जायला वाटच न्हाई."

तोवर धूर दिसायला लागला होता. मजूर कापूस ओढून खोल्यांच्या भिंतीपासून लांब फेकत होते, आणि मोकळ्या झालेल्या कापसाला वारं लागून जाळ उठत होता. मी भागाबाईच्या खोलीकडं पळाले. ती सासूच्या उशाशी बसली होती, जागची हलेना. तिला दंडाला धरून उठवलं. म्हातारीची बाज एका बाजूनं मी उचलली, दुसऱ्या बाजूनं कुणी उचलली ते बाहेर येईपर्यंत कळलं नाही. साहेब होते. डोक्यावर फेटा तसाच. दारातून निघताना डावा गाल भाजल्यासारखा झाला. म्हातारीला बोलता येत नव्हतं, तिनं माझा पदर मुठीत धरला होता.

रशीदभाईनं पाइपाला पाइप जोडत पाणी आणलं तेव्हा अर्धी गंजी गेली होती. भागाबाईचं दार कोळसा झालं होतं. माणूस मात्र एकही गेला नाही.

संध्याकाळी साहेबांनी फाईल माझ्याकडं सरकवली. अर्ज नामंजूर. शेरा मी एवढाच लिहिला: गाडी पोहोचत नाही. शेठ आता गावाबाहेर कापूस ठेवतात. भेटले की रामराम घालतात, जरा लांबूनच.

अर्ज घेऊन येणारा प्रत्येक जण सांगतो, आजवर काही झालं नाही. आजवर काही न होणं ही काही एनओसी नव्हे, हे मी त्या दिवशी शिकले. आणि अजूनही कुठं आरतीला उभी राहिले आणि कापराचा वास आला, की हात जोडायच्या आधी मी दार कुठं आहे ते बघते.