मागांच्या आवाजात ओरडणारी मावशी

मावशी रोज दुपारी बाराच्या सुमाराला नवऱ्याला शिव्या घालायची आणि संध्याकाळी त्याच नवऱ्याला मऊ भात कालवून भरवायची. शिव्याही साध्यासुध्या नव्हेत, पार ‘मर एकदाचा’ इथपर्यंत. आणि भातही असातसा नव्हे. गरगट कालवलेला, माशाचा काटा न् काटा काढलेला, एकेक घास फुंकून तोंडात. ही दोन्ही कामं एकच बाई कशी करते, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी घरात आजारी माणूस कधी सांभाळलेलं नाही, असं मी खुशाल म्हणते.

परवा आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ताणतणावावर बोलायला एक बाई आल्या होत्या. मोठा श्वास घ्या, रोज चाला, मनातलं कुणाकडे तरी बोलून टाका, असं पडद्यावर चित्रं दाखवून सांगत होत्या. बायका माना डोलावत होत्या. मी मागच्या खुर्चीवर बसून नुसती चडफडत होते. हे सगळं मला भिवंडीच्या एका कारखान्यात, सहीच्या जागी अंगठा उठवणाऱ्या बाईनं कधीच शिकवलं होतं. त्या शिकवणीची मी काय परतफेड केली, ते मात्र त्या पडद्यावर येणार नव्हतं.

दोन हजार सालानंतरची ती चार-पाच वर्षं. माझं नवीन लग्न झालेलं. चोवीस मागांच्या एका कारखान्यात मी घडीच्या टेबलावर होते; विणून आलेलं कापड उलगडायचं, तुटलेला धागा दिसला की खडूनं खूण करायची, घडी घालायची. मावशी कांडी भरायची. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची लहानशी नळी. तिचं खरं नाव मस्टरवर होतं, पण मालकापासून चहावाल्यापर्यंत सगळे तिला मावशीच म्हणत. ती खारबावहून यायची. नवऱ्याला अर्धांगवायू झालेला. उजवी बाजू गेलेली, बोलणं अडखळत, अर्धंमुर्धं. अशी नऊ वर्षं. घर एकत्र होतं आणि तिचा धाकटा दीर आमच्याच कारखान्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा.

‘राग आला ना, पयल्या दहा कांड्या भर. मंग बोल,’ हे मावशीचं पहिलं शास्त्र. एकदा मेहताजी, म्हणजे मालकाचा मुनीम, तिच्या अंगावर धावून आला, कांड्या सैल भरतेस म्हणून. आम्हाला वाटलं, आता जुंपली. ही आपली खाली मान घालून भरत बसली. मोजून दहा झाल्यावर उठली आणि शांतपणे म्हणाली, “मेहताजी, सूत कच्चा है. मेरा हाथ कच्चा नहीं.” दुसऱ्या दिवशी सुताची पेटी बदलून आली.

सुट्टी झाली की बाकीच्या बायका रिक्षा पकडायला धावत. मावशी नळावर हातपाय धुवायची, केसातला कापूस झटकायची आणि पायरीवर दहा मिनिटं नुसती बसून राहायची. कुणी विचारलं तर म्हणायची, “कारखाना हितंच धुवायचा. घरी न्यायचा न्हाय.” गावाच्या एक थांबा अलीकडेच ती रिक्षातून उतरायची आणि तिथून चालत जायची. महिन्यातून एकदा वज्रेश्वरीला, माहेरी. देवळात दोन मिनिटं, गरम कुंडात पाय बुडवून तासभर. देवीकडे काय मागितलंस, असं मी एकदा विचारलं. “मागायला कशाला जायाचं? तिला काय कमी मागणारे हायेत? मी पाय शेकवायला जातंय,” म्हणाली.

आणि ते ओरडणं. अकरा आणि बारा नंबरच्या मागांच्या मध्ये, भिंतीपाशी, एक माणूस उभा राहील एवढी जागा होती. तिथे आवाज असा, की कानाशी तोंड नेलं तरी शब्द कळायचा नाही. कारीगर एकमेकांशी ओठ वाचून बोलत, म्हणून मावशी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. पाच मिनिटं ओरडायची आणि पदरानं तोंड पुसून परत कांडीच्या मशीनवर. लोडशेडिंग एक वाजता सुरू व्हायचं, त्यामुळे त्याआधी ती मोकळी झालेली असायची.

मला तिथे तिनंच नेलं. सासूनं माझा भरलेला डबा सकाळी मोरीत ओतला होता, कशाला तर भाजीत मीठ जास्त म्हणून. मी घडीच्या टेबलावर रडत होते. मावशी आली, दंड धरला. “पोटात ठेवू नको गं. मानकोलीला काय गोदामं कमी हायेत, की तू पोटात आणखी एक बांधतेस? चल.” मला भिंतीसमोर उभी केली आणि हातानं खूण केली, बोल. आधी लाज वाटली. मग जे तोंड सुटलं ते सुटलंच. सासूची जीभ झडावी, हात झडावेत, तिची तिरडी उठावी, काय काय बोलले देव जाणे. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी सासूचे पाय चेपले, तेही मनापासून. मला भूक लागायला लागली, झोप लागायला लागली. मग आमचा रोजचाच नेम झाला, आधी ती, मग मी; बाकीच्या बायकाही अधूनमधून तिथे जाऊन यायच्या.

त्या मंगळवारी पहिली मी ओरडले. मला लवकर टेबलावर जायचं होतं, म्हणून मावशी म्हणाली, “जा, तू पयली जा.” मी बोलून परत फिरले, ती आत शिरली. आणि बाराला दहा मिनिटं असताना लाईट गेली. वेळेच्या आधी तास-सव्वा तास, काही कारण नाही, सूचना नाही. चोवीस माग खटाखट थांबले आणि त्या शांततेत मावशीचा आवाज अख्ख्या कारखान्यात घुमला. “मर की रं एकदाचा! नऊ वर्षं झाली, मोकळी कर मना!”

मग एक कारीगर म्हणाला, “अरे मौसी, किसको मार रही हो?” आणि सगळे फिदीफिदी हसले. हसला नाही तो एकटा तिचा दीर. सहा नंबरच्या मागाखालून तो पाना हातात घेऊन बाहेर आला, तिच्याकडे बघितलं आणि तसाच चप्पल घालून घरी गेला. मी टेबलावर मान खाली घालून कापडावर खडूच्या खुणा करत राहिले. चांगल्या कापडावर, कुठेही.

दुसऱ्या दिवसापासून मावशीला नवऱ्याच्या खोलीत मज्जाव झाला. जाऊ त्याला भरवायला लागली. मावशीचं अंथरूण पडवीत. ‘दादालाच तुझ्या हातचं नको, विष घालशील म्हणतो,’ असं दिरानं तिला सांगितलं. आठवडा असाच गेला. मग एका दुपारी माझ्याजवळ आली. “तू एकदा घरी ये. त्यांना सांग, ते बोलणं खरं नसतं. आपण सगळ्याच वरडतो, तूपन वरडतेस. तू बारावी झालेली, तुझं ऐकतील. मना फक्त दोन घास भरवू दे त्यांना, बास.” शुक्रवारी सुट्टी असते, शुक्रवारी येते, म्हणाले मी. अगदी तिच्या हातावर हात ठेवून म्हणाले.

शुक्रवारी मी साडी नेसले, वेणी घातली. सासूनं विचारलं, कुठे? आणि मी दारातच थांबले. मावशीची जाऊ माझ्या सासूच्या गावची. ‘मीपण ओरडते’ असं तिथे म्हटलं, की कुणाच्या नावानं, हा पुढचा प्रश्न येणारच होता. आणि संध्याकाळच्या आत ते माझ्या चुलीपर्यंत पोचलं असतं. माझा डबा मोरीत ओतणारी बाई मला घरात ठेवणार होती थोडीच! पोटात दुखतंय असं सांगून मी साडी सोडली आणि पडून राहिले. शनिवारी मावशी एवढंच म्हणाली, “काल तांदूळ जास्त टाकले व्हते. तू येशील म्हणून.”

पुढच्या शुक्रवारी जाईन म्हणत मी आठ शुक्रवार घालवले. भित्री, दुसरं काय? तोवर तिचा नवरा गेला. बायकोचा तळतळाट लागला, असं सगळे म्हणाले. कारखान्यातही म्हणाले, आणि म्हणणाऱ्या बायकांतल्या निम्म्या जणी त्याच भिंतीपाशी जाऊन आलेल्या होत्या. मी तेव्हाही गप्पच. तेरावं झालं आणि मावशी माहेरी निघून गेली.

मी तिला भेटायला गेले ती दोन वर्षांनी. वज्रेश्वरीला भावाच्या ओटी-नारळाच्या दुकानात ती बसली होती. वाळली होती. मला बघून तिनं स्टूल पुढे केलं, चहा मागवला. मावशी, चुकलं माझं, असं मी म्हटलं. 

“निघायच्या दिवशी जाऊ रडत रडत बोलली,” मावशी सांगायला लागली. “ते कधी नको बोललेच न्हाईत. रोज संध्याकाळी माझं नाव घ्यायचे, ती कुठं हाय विचारायचे. मना ऐकू जाऊ नये म्हणून ही टीव्ही मोठा करायची. मधी एकच भिंत व्हती गं. मना वाटलं, त्यांनाच माझी किळस आली.” मग माझ्याकडे बघून, अजिबात न रागावता म्हणाली, “तू आली असतीस ना, तर आत गेली असतीस. पावण्या बाईला कोन अडवतो? तुझ्या कानानं ऐकलं असतंस.”

मला वाटत होतं, हिनं आता मला शिव्या घालाव्यात. चार लोकांत, देवळाच्या रस्त्यावर, मोठ्यानं. तिनं फक्त विचारलं, “सासू बरी हाय ना तुझी?” आणि तिच्यासाठी म्हणून एक नारळ माझ्या पिशवीत टाकला. पैसे घेतले नाहीत. त्यानंतर मी पुन्हा गेले नाही. ती आहे की गेली, तेही मला ठाऊक नाही.

सासू अजून आहे. तिचं मीच करते, आंघोळीपासून सगळं. कुणी बघायला आलं की ती खाटेवरून माझ्याकडे बोट दाखवते आणि सांगते, “माझी सून गुणाची हो. इतक्या वर्षांत वाकडा शब्द नाही तोंडातून.” पाहुणे माझ्याकडे कौतुकानं बघतात, आणि मी मान खाली घालून त्यांच्यापुढे चहा ठेवते.