बोटी आल्या की लाल दिवा

पाचूबंदरला आमच्या घरी इंटरनेटची वायर आली ती भर पावसाळ्यात. ऑक्टोबरपर्यंत तक्रार नव्हती. नोव्हेंबरपासून राऊटरवरचा हिरवा दिवा अधूनमधून लाल होऊ लागला. कधी काही तास, कधी दिवसभर. मग आपोआप हिरवा.

एरवी हे चालवून घेतलं असतं. पण मूल झाल्यावर बायकोची शाळेतली नोकरी सुटली होती आणि चार वर्षांनी पहिल्यांदा काम समोर आलं होतं, घरून गणित शिकवण्याचं. एका ऑनलाइन शिकवणी संस्थेने चाचणीसाठी तीन तास दिले. वेळ सकाळी अकराची. पहिल्या तासाला अपूर्णांकांच्या बेरजेत चित्र थांबलं. दुसरा सुरूच झाला नाही. संस्थेने कळवलं की शिकवण्याबद्दल तक्रार नाही. मात्र तिसरा तास तुटला तर पुढे जाता येणार नाही. तो दोन आठवड्यांनी शुक्रवारी होता. घरची जोडणीच तपासायची असल्याने दुसरीकडे जाऊन शिकवण्याचा प्रश्न नव्हता, आणि मोबाइलची रेंज आमच्याकडे ओट्यावर येऊन संपते.

केबलवाला दोनदा आला. पन्नाशीचा, मुंबईच्या भाषेत बोलणारा माणूस. दोन्ही वेळा दिवा हिरवा.

“फुल स्पीड आहे, साहेब. राऊटर बंद-चालू केला का?”

“पंचवीस वेळा.”

“तुम्ही आलात की तो घाबरतो,” बायको म्हणाली. “इथेच राहायला या.”

मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करतो. कारण कळत नसेल तर निदान वेळ लिहून ठेवावी, ही तिथली शिस्त. एक वही घेतली. दिवा किती वाजता लाल झाला, किती वाजता हिरवा, वीज होती का, वारा कसा, भरती की ओहोटी. भरतीशी मेळ बसेल असं वाटलं होतं. बसला नाही. एवढंच दिसलं की पहिल्या दिवशी नेट जातं, दुसऱ्या दिवशी रखडत चालतं, तिसऱ्या दिवशी ठीक होतं. केबलवाला दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी आला होता.

गुरुवारी संध्याकाळी बायकोने वही वाचली. लाल दिव्याच्या तारखांवरून बोट फिरवत ती म्हणाली, “या सगळ्या दिवशी आपण ताजे बोंबील खाल्लेत.”

ते खरं होतं. त्या प्रत्येक सकाळी बोटी आल्या होत्या आणि बंदरावर लिलाव झाला होता. पण बोंबलांचा नेटशी काय संबंध, हे दोघांनाही सांगता येईना.

शुक्रवारी पहाटे बोटी आल्या. नऊ वाजून दहा मिनिटांनी दिवा लाल झाला.

मी घरातून निघालो आणि वायर जाईल तिकडे गेलो. ती भिंतीवरून कौलांच्या कडेने शेजारच्या मावशींच्या मागच्या अंगणात उतरत होती. मावशी ख्रिस्ती कोळीण. मासे विकतात आणि उरलेले वाळवतात. अंगणात त्यांची वलांडी आहे, म्हणजे बांबू रोवून ताणलेल्या दोऱ्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. त्या सकाळी दोऱ्या भरल्या होत्या. सर्वांत कडेची मात्र काळी होती, आणि दोन बांबूंमधून आमच्या घराकडे जात होती. ओल्या बोंबलांच्या वजनाने ती धनुष्यासारखी वाकली होती; ते वाळून हलके व्हायला तीन दिवस लागतात.

“मावशी, ही दोरी नाही. आमच्या नेटची वायर आहे.”

“बांबू माझा हाय. माझ्या बांबूला बांधली ती दोरी माझी.”

“बांधली कोणी?”

“मला काय विचारतो? पावसात कोन तरी बांधून गेला. मी म्हटलं, देवबापाने एक दोरी जास्ती दिली.”

मी अकराच्या तासाचं सांगितलं, त्यावर काय अवलंबून आहे तेही. मावशींनी कमरेवर हात ठेवले.

“पेपरात अख्ख्या गावाच्या बातम्या छापतो, आनि शेजारच्याला सांगायला तोंड न्हाय? धर टोपली.”

मी एक बोंबील ओढला, त्याचा जोडीदार वाळूत पडला.

“जोडीनं उचल रे! कोल्याचा पोर ना तू?”

बायको ओढणी खोचून आली. तिने आणि मावशींनी मिळून दहा मिनिटांत वायर मोकळी केली. दिवा लालच राहिला. केबलवाल्याला फोन केला. वायर कुठे बांधली आहे ते सांगितलं.

“तिथे नुसते बांबू उभे होते, साहेब. मला वाटलं खांबच. आमच्या एव्हरशाईनच्या बिल्डिंगांत कोण मासे वाळवतं?” मग म्हणाला, “ओझ्याने गाठ आवळून वायर तिथे मोडल्यासारखी वाकली असेल. आपोआप सैल व्हायला वेळ लागेल. गाठ सोडा. हळू.”

गाठ सोडली. सैल झालेली वायर वाळूला लागू नये म्हणून मावशींनी रिकामी टोपली पालथी घातली आणि तिच्यावर ती ठेवली. दहा चाळीसला आतून बायकोचा आवाज आला, “हिरवा!”

तास अकराला सुरू झाला आणि बाराला संपला. मध्ये एकदाही चित्र थांबलं नाही. तेवढा वेळ मावशी टोपलीशेजारी बसून कावळे हाकत होत्या. खिडकीतून छेद समान करण्याची रीत ऐकू येत होती. तास संपल्यावर त्या म्हणाल्या, “शालेत असं कोनी सांगितलं असतं तर मी पन शिकले असते.”

दुपारी केबलवाल्याने लोखंडी पाइप लावून वायर उंच नेली. बोंबलांसाठी आम्ही मावशींना नवी दोरी बांधून दिली. पुढच्या मंगळवारी संस्थेचं पत्र आलं: पहिल्या तारखेपासून काम सुरू करावं. बायकोने ते मावशींना अंगणात जाऊन वाचून दाखवलं.

वहीतली शेवटची नोंद त्या पहिल्या तारखेची आहे. पहाटे बोटी आल्या. वलांडी भरलेली. अकरा वाजता दिवा हिरवा.