सोलांजबाईंची मिनिटं

रजनी देशमाने मूळच्या उदगीरच्या. पुण्यात फ्रेंच शिकल्या, बारा वर्षं एका शाळेत शिकवलं, आणि शाळेने फ्रेंच बंद केल्यावर हिंजवडीतल्या एका कंपनीत लागल्या. राहायला जवळच्याच कासारसाई गावात, गोजराबाईंच्या घराची मागची खोली. लग्न केलेलं नव्हतं. आई गेल्यावर उदगीरला जायचं कारणही उरलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी कंपनीत एक निराळंच काम आलं. फ्रान्समधल्या एका टीव्ही वाहिनीवरच्या मुलांच्या कार्यक्रमांच्या जुन्या टेप कुणा नव्या मालकाने विकत घेतल्या होत्या. त्यांच्या कॉम्प्युटरवर उतरवलेल्या प्रती रजनीताईंनी पाहायच्या आणि तक्त्यात लिहायचं, कुठल्या मिनिटापासून कुठल्या मिनिटापर्यंत काय आहे. कार्टून, गाणं, जाहिरात, निवेदन. काम घरूनच होतं. लॅपटॉप कंपनीचा. त्यातून काही उतरवून घेता येत नसे, आणि पडद्याचा फोटो काढला तरी नोकरी जाईल, अशा कागदावर पहिल्याच दिवशी सही झाली होती.

सुरुवातीच्या टेप १९७८ च्या होत्या. तिकडे तेव्हा बुधवारी शाळांना सुट्टी असायची. म्हणून बुधवारची सबंध दुपार वाहिनीने मुलांना दिलेली. आणि त्या दुपारची मालकीण होती सोलांज नावाची एक बाई. लाकडी बाकावर बसायची, मुलांनी पाठवलेली पत्रं वाचायची, चित्रं कॅमेऱ्यासमोर धरायची, आणि मधून मधून कार्टून लावायची.

एका दुपारी गोजराबाई वाटीभर आमटी घेऊन आल्या आणि पडद्यापाशी थांबल्या.

"ही बाई काय म्हणतीया?"

"एका मुलीचं पत्र वाचतेय, मावशी. तिचा दात पडलाय."

गोजराबाई खाली बसल्या. त्या दिवसापासून जेवणं उरकली की त्या येऊन बसू लागल्या. भाषा कळत नव्हती. रजनीताई सांगत तेवढं ऐकायच्या, बाकी तोंडाकडे बघत राहायच्या. "माणूस बरं हाय," असं त्यांचं मत झालं.

टेप पुढे सरकत गेल्या तसा बुधवार बदलत गेला. जपानी कार्टून आली आणि मुलं त्यांच्यामागे वेडी झाली. खासगी वाहिन्या आल्या, चढाओढ लागली. सोलांजबाईंचं बाकडं गेलं. मोठा रंगीत मंच आला, टाळ्या वाजवणारी शंभर मुलं आली, खेळण्यांच्या जाहिराती आल्या. काही कार्यक्रम भल्या सकाळी, मुलं शाळेला निघायच्या आधी हलवले. सोलांजबाईंच्या निवेदनाच्या रकान्यात रजनीताई आकडे लिहीत होत्या: एका दुपारची पंचेचाळीस मिनिटं, मग वीस, मग नऊ.

"आज बाई लवकर गेली," गोजराबाई म्हणायच्या.

१९८९ च्या टेपवर काम चालू असताना मेल आला. निवेदनाच्या प्रत्येक तुकड्यापुढे 'वगळा' असं लिहायचं होतं. मागच्या सगळ्या टेपांमध्येसुद्धा. रजनीताईंनी त्यांचा मॅनेजर कौस्तुभ याला फोन लावला.

"वगळा म्हणजे काय, कौस्तुभ? बाजूला ठेवणार का?"

"नाही मॅडम. क्लायंटला फक्त कार्टून हवीयेत, ॲपवर टाकायला. बाकीचं डिलीट. मूळ टेप आधीच नष्ट केल्यात त्यांनी."

"अरे, अकरा वर्षांची पत्रं आहेत त्यात. मुलांची."

"मला कळतंय. पण माझ्या हातात काय आहे हो?"

त्याच्या हातात खरंच काही नव्हतं. रजनीताईंनी मग स्वतः फ्रेंचमध्ये पत्र लिहिलं, थेट तिकडच्या कचेरीला. निदान एखाद्या ग्रंथालयाला तरी द्या, असं. नऊ दिवसांनी तिथल्या एका बाईचं उत्तर आलं: मीही लहानपणी दर बुधवारी सोलांजना पाहायचे, तुमचं पत्र वाचून रडू आलं, पण निर्णय मालकांचा आहे. त्याच दिवशी कौस्तुभला वरच्यांची बोलणी खावी लागली, की तुमची माणसं क्लायंटला परस्पर लिहितात कशी. ते रजनीताईंना दुसऱ्याच कुणाकडून कळलं, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

त्यांनी 'वगळा' लिहायला सुरुवात केली. आपण नाही लिहिलं तर दुसरं कुणी लिहील, आणि ते न ऐकताच लिहील, एवढाच विचार होता. निदान आपण एकदा ऐकून तरी घेऊ. प्रत्येक पत्र त्या शेवटपर्यंत ऐकत, गोजराबाईंना सांगत, आणि मग रकाना भरत.

"तुझ्याच हातानं पुसायला लावत्यात व्हय?" गोजराबाईंनी विचारलं.

"हो."

"आमच्या माहेरच्या, रिह्याच्या रानाचं असंच झालं. भावांनी ठरिवलं, मला निस्ता अंगठा द्याया नेलं. शाई बी त्यांनीच पुसली माझ्या बोटावरची."

१९९३ च्या जूनमध्ये सोलांजबाईंना एकूण चार मिनिटं होती. त्या मंचाच्या एका कोपऱ्यात उभ्या होत्या. डोंगरातल्या एका मुलीचं पत्र होतं, तिचं गाढव आजारी होतं. निम्मं वाचून झालं आणि कॅमेऱ्यामागून कुणीतरी खूण केली असावी. सोलांजबाई हसून म्हणाल्या, "उरलेलं पुढच्या बुधवारी." पुढच्या बुधवारच्या टेपमध्ये त्या नव्हत्या. नुसतं नाचणारं बोधचिन्ह होतं, आणि लगेच कार्टून. रजनीताईंनी पुढच्या सहा टेप भराभर पाहिल्या. कुठेच नव्हत्या. निरोपाचं एक वाक्यसुद्धा नाही.

"बाई कुटं गेली?"

"काढलं असेल तिला."

"तिला सांगितलं बी न्हाई?"

"दिसत नाही तसं."

गोजराबाई म्हणाल्या, "आन् गाढवाचं काय झालं?"

रजनीताईंनी त्या चार मिनिटांपुढे 'वगळा' लिहिलं, उठल्या आणि तोंड धुऊन आल्या.

राहिलेली वर्षं भरभर संपली. त्यात बोलणारं कुणी नव्हतं. शेवटी तर कार्यक्रमच बंद झाला. मुलांनी आता मोबाईलवर पाहावं, अशी एक पाटी बारा सेकंद दिसली.

काम संपल्यावर कौस्तुभने त्यांना ऑफिसात बोलावलं. वगळलेला सगळा भाग पुसला गेल्याचा दाखला फ्रेंचमध्ये होता आणि त्यावर भाषा जाणणाऱ्याची सही हवी होती. रजनीताईंनी दाखला दोनदा वाचला. व्याकरणाची एकही चूक नव्हती. कौस्तुभ खिडकीकडे बघत उभा होता. त्यांनी सही केली.

पुढच्या सोमवारपासून त्यांना एका फ्रेंच विमा कंपनीचे अपघाताचे अर्ज मिळाले. गोजराबाई एकदा सवयीने येऊन बसल्या. पडद्यावर नुसत्या ओळी होत्या.

"ह्यात कुनी बोलत न्हाई?"

"नाही, मावशी."

"मग मी भायेर मेथी निवडती," म्हणून त्या उठल्या.

रजनीताईंनी मान डोलावली आणि पुढचा अर्ज उघडला.